शिजायला सहा तास

सर गेले तेव्हा महाडपासून पोलादपूरपर्यंत ज्याने त्याने मला फोन करून एकच सांगितलं, देवमाणूस होता. मी नुसतं "हं" म्हटलं. त्या देवमाणसाने मला दीड वर्ष छळलं होतं, हाताशी आलेली नोकरी घालवली होती, आणि त्याबद्दल एक साधं "चुकलं"सुद्धा त्याच्या तोंडून निघालं नव्हतं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं अशी आपल्याकडे रीत आहे. ज्यांना पाळायची त्यांनी पाळावी.

मी जन्मापासून आंधळी. मुंबईच्या अंधशाळेत बारावीपर्यंत शिकले आणि परत पोलादपूरजवळच्या कापडे गावी आईकडे आले. तिथून पुढे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं. आई भाताच्या कामाला जायची, मी घरात बसून रेडिओ ऐकायची. अशात एक दिवस दारात रबरी चपला वाजल्या, तपकिरीचा वास आला, आणि कुणीतरी अगदी शाळेतल्या परीक्षकासारखं विचारलं, "आपल्याला टायपिंग येतं का?" मी तेव्हा चोवीस वर्षांची, ते पासष्टीचे. तरी "आपण". सर सगळ्यांनाच अहो-जाहो करायचे, अगदी अंगणातल्या शेंबड्या पोरालाही. अरे-तुरे फक्त संगणकाला.

महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मापयंत्रं तपासण्याचं काम करून ते निवृत्त झाले होते. लग्न केलं नव्हतं. बाजारपेठेत एका भाताच्या गिरणीच्या माडीवर राहायचे. खाली गिरणी चालू असली की माडीची जमीन तळपायाला गुदगुल्या करायची. पुराचं पाणी तिथवर कधी चढलं नव्हतं, म्हणून त्यांनी ती जागा धरली होती. कारखान्यांच्या ऑफिसांनी भंगारात काढलेले संगणक ते माडीवर आणून दुरुस्त करायचे, आणि त्यात मराठी वाचून दाखवणारा आवाज बसवून आमच्यासारख्यांना फुकट द्यायचे.

तो आवाज त्यांचा स्वतःचा होता. गिरणीच्या सुट्टीच्या दिवशी खिडक्या लावून, उकाड्यात बसून त्यांनी हजारो शब्द तोंडाने म्हणून भरले होते, आणि त्यांचे तुकडे जोडून कुठलंही मराठी पान वाचेल असा प्रोग्राम लिहिला होता. महाड आणि पोलादपूर दोन्ही तालुक्यांत मिळून आम्ही एकोणीस जण तो वापरायचो. पेपर असो, मेसेज असो, कुणाची लग्नपत्रिका असो, सरच वाचून दाखवणार, किंचित नाकात, आणि प्रत्येक वाक्यानंतर एक छोटा श्वास घेऊन. तो श्वास चुकून राहिलाय असं मला वाटलं होतं. विचारलं तर म्हणाले, "मुद्दाम ठेवलाय. श्वास न घेता बोलणाऱ्या माणसाचा ऐकणाऱ्याला वीट येतो." खरं सांगते, त्या दिवशी मला ते फार आवडले होते.

आता त्यांच्या खोडीकडे येते.

सर प्रोग्राम तयार करून द्यायचे नाहीत. कच्चा द्यायचे. म्हणजे त्यांनी लिहिलेलं सगळं जसंच्या तसं आमच्या संगणकात यायचं आणि आमच्या संगणकाने ते स्वतः जुळवून, बांधून, चालण्याजोगं करायचं. सर त्याला शिजवणं म्हणायचे. "तांदूळ मी देतो, भात आपला आपण लावा." प्रत्येकाचा संगणक वेगळ्या जातीचा, वेगळ्या वयाचा, त्यामुळे ज्याचा त्याने शिजवला तर नीट बसतो, हे त्यांचं एक कारण. दुसरं कारण खरं होतं. आयत्या गोष्टीची त्यांना चीड होती. स्वतः कधी वडापावसुद्धा विकत घेतला नाही. आमच्याकडे आले तर डबा घेऊन यायचे आणि आई भाकरी वाढायला लागली की तिलाच आपल्या डब्यातलं द्यायचे. "आयतं घेतलं की वस्तू दुसऱ्याची राहते," असं म्हणायचे.

बरं, शिजवा. पण आमची ती भंगारातली मशीनं. त्यांना शिजवायला सहा तास लागायचे. दोन आवाज एका वेळी मशीनमध्ये मावत नसत, म्हणून जुना आधी काढायचा आणि मग नवा लावायचा. ते सहा तास संगणक मुका. डोळस माणसाचा संगणक अडला तरी पडदा दिसतो. आमचा मुका झाला की तो नुसता टेबलावरचा गरम डबा. आणि मध्येच लाइट गेली तर पुन्हा पहिल्यापासून.

हे वर्षातून एकदा असतं तर मी चकार शब्द काढला नसता. सरांना आठवड्याला एक सुधारणा सुचायची. "अपडेट म्हणू नका, सुधारणा म्हणा." सकाळी सातला फोन. "आपला 'ळ' आता गोलाईत आलाय! लावा शिजायला!" चार दिवसांनी पुन्हा. "स्वल्पविरामानंतर थोडं जास्त थांबलो होतो, कमी केलंय." आपलं काही काम आहे का, घरात लाइट आहे का, हे विचारायचं नाही. सुरुवातीला शिजायला लावणं आमच्या हातात होतं, तेव्हा आम्ही शहाणे होतो, लावायचोच नाही. सरांच्या ते लक्षात आलं. मग त्यांनी अशी योजना केली की मशीन इंटरनेटला लागलं की सुधारणा आपोआप उतरणार आणि आपोआप शिजणार. आमचं भलं आमच्या नकळत करायचं ठरवलं त्यांनी!

कुडपणला एक बुवा होते. भजनाचे. नवे अभंग मशीनकडून वाचून घेऊन पाठ करायचे. वर कुडपणला पावसात लाइटचा काय भरवसा! एका सुधारणेत पाचव्या तासाला लाइट गेली, दुसऱ्या दिवशी चौथ्या तासाला, तिसऱ्या दिवशी पुन्हा पाचव्याला. बुवांनी मला फोन केला, सरांना करायची त्यांची हिंमत नव्हती. "पोरी, चार दिस झाले, ह्यो बोलत नाय. तुझा बोलतो का गो?" माझाही बोलत नव्हता. मी सरांना सांगितलं. सर म्हणाले, "पण आता जोडाक्षरं ऐकतील तेव्हा कळेल त्यांना."

त्यावरून आमचं पहिलं भांडण झालं.

"चूक माहीत असून तशीच ठेवू?" सर म्हणाले. "भातात खडा आहे हे माहीत असून वाढू पानात?"

"आणि त्या एका खड्यासाठी पंगतच उठवाल का?" मी म्हटलं. "रोज?"

"आपण अतिशयोक्ती करताय. रोज नाही."

"तुमचे दिवस तुम्ही मोजता. आमचे तास कोण मोजतं?"

तपकीर ओढल्याचा आवाज आला. मला वाटलं, कळलं. तीन दिवसांनी सातला फोन आला, 'ढ' सुधारला होता.

एक गोष्ट मान्य करायला हवी, नाहीतर मीही त्यांच्याइतकीच आडमुठी ठरेन. सगळ्याच सुधारणा फालतू नव्हत्या. अगदी सुरुवातीला तो आवाज दहा वाजून पाच मिनिटांना "दहा पन्नास" वाचायचा. त्यापायी माझी एसटी चुकली आणि पोलादपूरच्या स्टँडवर मी दोन तास उभी राहिले. सरांना फोन केला, संध्याकाळपर्यंत दुरुस्ती आली, मी हौसेने शिजायला लावली. असली चूक थांबून चालत नाही हे मलाही कळतं. माझं म्हणणं एवढंच होतं की 'दहा पन्नास' आणि गोलाईतला 'ळ' यांतला फरक करा. तातडीचं असेल ते लगेच पाठवा, बाकीचं साठवून दिवाळीला एकदा आणि शिमग्याला एकदा द्या. सर म्हणायचे, "अशुद्ध ते अशुद्ध. त्यात लहानमोठं काय?" मापयंत्रं तपासण्यात ज्याचा जन्म गेला त्या माणसाला एवढंही माप कळू नये!

मग मला नोकरी लागली. मुंबईतल्या एका कंपनीचं काम, घरून करायचं. ग्राहकांच्या तक्रारींची पत्रं वाचायची आणि कुठली कोणत्या खात्याकडे जाते ते लिहून पाठवायचं. तीन महिने चाचणी, मग कायम. आई त्या दिवशी गावभर सांगत सुटली. "आमची बसल्या जागी मुंबईचा काम करते." आयुष्यात पहिल्यांदा मी सकाळी केस विंचरून टेबलाशी बसायला लागले. मी सरांना हात जोडून सांगितलं की सर, तीन महिने माझ्या मशीनला काही पाठवू नका. नंतर काय हवं ते पाठवा. ते म्हणाले, "अवश्य. लिहून ठेवतो."

तिसऱ्या महिन्यातल्या शेवटच्या सोमवारी, चाचणी संपायला पाच दिवस होते, मी सकाळी नऊला मशीन इंटरनेटला जोडलं आणि मशीन गप्प झालं. हात लावला तर गरम होत होतं. शिजत होतं! फोन केला तर सर उत्साहात. "हो हो, पाठवलंय. आता प्रश्नचिन्हाला आवाज वर जातो आपला. आपल्याला तक्रारींमध्ये प्रश्न फार येत असतील, म्हटलं उपयोग होईल." माझ्या उपयोगासाठी! अडीच वाजता लाइट गेली. सकाळ उजाडेपर्यंत आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मशीन बोलायला लागलं तेव्हा दीड दिवसाची पत्रं साचली होती आणि त्यांच्यावर कंपनीचं एक पत्र होतं. नियमितपणा नसल्यामुळे आम्ही आपल्याला पुढे ठेवू शकत नाही.

ते पत्र मला कुणी वाचून दाखवलं? सरांनीच. त्यांच्याच आवाजात, नाकात, शेवटी छोटासा श्वास घेऊन. "आपल्या पुढील वाटचालीस शुभेच्छा." माझ्या आयुष्यात इतका संताप मला कधी आला नाही. मी कीबोर्ड उचलून भिंतीवर मारला. आई धावत आली आणि काय झालं ते न विचारता खाली बसून सुटलेली बटणं गोळा करायला लागली.

दुसऱ्या दिवशी आईला घेऊन मी महाडला गेले. माडीचे जिने चढले आणि दारातच सुरू झाले. काय काय बोलले ते सगळं लिहिणार नाही. तुम्हाला आंधळ्यांची पर्वा नाही, तुम्हाला फक्त स्वतःचा आवाज ऐकायची हौस आहे, हे बोलले. गिरणी चालू होती, पायाखालची जमीन थरथरत होती, खालचे हमाल काम थांबवून ऐकत असणार. शेवटी म्हटलं, "यापुढे एकही सुधारणा पाठवायची नाही. मला नाही, कुणालाच नाही. आम्हा एकोणीस जणांच्या वतीने सांगतेय. शब्द द्या."

एकोणीस जणांच्या वतीने बोलायला मला कुणी सांगितलं नव्हतं. पण रागाच्या भरात माणूस स्वतःला पुढारी करून घेतो.

सरांनी तपकिरीची डबी मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "दिला."

तो श्रावण होता. नंतर एकही फोन आला नाही. मशीन एक दिवस मुकं झालं नाही. कुडपणच्या बुवांनी सांगावा पाठवला की आता निवांत हाय. मला जिंकल्यासारखं वाटायचं, आणि राग काही जात नव्हता. दिवाळीच्या सुमारास त्यांचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. नवा 'ळ' घेऊन बसले असतील, म्हटलं. पौषात एका सकाळी ते माडीच्या जिन्यावरच गेले. हृदयविकार. मी मातीला गेले नाही.

खतिजाआपा आमच्या एकोणिसांतल्या एक. महाडच्याच. नजर चाळिशीत गेली, तेव्हा जिद्दीने ब्रेल शिकल्या. दोन्ही मुलगे आखातात, घरी त्या आणि सून. ब्रेलमधलं कुराण बोटांनी वाचायच्या, आणि बाकी सगळं सरांच्या आवाजात ऐकायच्या. माघात त्या मोरीच्या पायरीवरून पडल्या आणि उजवं मनगट मोडलं. मी भेटायला गेले.

"चक्कर आली गो," त्या म्हणाल्या. "बीपी कवाचा चढलेला, मना काय म्हायती! डॉक्टर सांगतो, तुमी गोली कमी खाता. मी बोलले, तुमीच मेसेज पाठवलात, एक गोली. तो बोलला, दीड लिवलीय."

दीडच लिहिली होती; सुनेने मेसेज पाहून सांगितलं आणि मला पाठवला. मी घरी येऊन तो मेसेज माझ्या मशीनवर लावला. एकच्या पुढे अर्ध्याची खूण होती, ती छोटी, वर-खाली आकड्यांची. सरांचा आवाज "एक" म्हणाला आणि अर्धा गिळून पुढे गेला. पुन्हा लावला. "एक." तीन महिने खतिजाआपा त्या आवाजावर विश्वास ठेवून एकच गोळी घेत होत्या.

प्लास्टर निघालं तरी त्यांची बोटं वळेनात. ब्रेलचे ठिपके लागत नाहीत म्हणाल्या, सगळं पान सपाट लागतं. मी त्यांच्यासमोर सरांना जिभेवर येतील त्या शिव्या दिल्या. 'ळ' सुधारत बसले, 'ढ' सुधारत बसले, आणि जे सुधारायचं ते तसंच टाकून मेले. खतिजाआपाच मला गप्प करत होत्या. "जाऊं दे गो, गेला माणूस." मी गप्प झाले नाही. मला ते मान्यच नव्हतं, अजूनही नाही, की चांगल्या हेतूने केलं म्हणजे सगळं माफ.

शिमग्यानंतर सरांची भाची माडी रिकामी करायला आली. तिने त्यांचा संगणक मला पाठवून दिला. म्हणाली, "यातलं आम्हाला काही कळत नाही. मामाने चिकटपट्टीवर तुमचं नाव लिहून ठेवलंय." मी तो दहा दिवस तसाच ठेवला. अकराव्या दिवशी दुपारी चालू केला, ती अर्ध्याची चूक शोधून दुरुस्त करायला आणि जमलं तर मनातल्या मनात आणखी चार शिव्या द्यायला.

त्यात कामाची एक वही होती. सर रोजची नोंद ठेवायचे. मशीन वाचायला लागलं, त्यांच्याच आवाजात. श्रावणातल्या भांडणाच्या दुसऱ्या दिवसाची नोंद एवढीच होती: "कापड्याच्या बाईंची नोकरी माझ्यामुळे गेली. कच्चं देणं हा माझा हट्ट होता. यापुढे तयार करून ठेवायचं. मागितलं तर द्यायचं."

मग दिवाळीची नोंद. "माझ्याच औषधाच्या चिठ्ठीवरून लक्षात आलं, अपूर्णांकाची खूण वाचली जात नाही. दुरुस्त केलं. तातडीचं आहे. शब्द दिलेला आहे, म्हणून परवानगीसाठी कापड्याला फोन केला. उचलला नाही." दुसऱ्या दिवशी: "पुन्हा केला. उचलला नाही."

तिथे मी मशीन थांबवलं. काय सांगू, त्याही क्षणी मला रागच आला. एवढं तातडीचं होतं तर एसटीत बसून यायला काय झालं होतं? महाड ते कापडे काही काशी नाही. ज्या माणसाने दीड वर्ष कुणाला न विचारता सगळं पाठवलं, त्याला नेमकं तेव्हाच विचारावंसं वाटलं? आणि मी तरी कोण, की मी हो म्हणेपर्यंत एकोणीस माणसांनी चुकीचं ऐकत राहावं?

वहीशेजारी एक कप्पा होता. त्यात 'कापडे' नावाचं काहीतरी होतं. माझ्या मशीनच्या जातीचं, माझ्या मशीनच्या वयाचं, शिजवून तयार. म्हणजे असलंच एक मशीन कुठल्यातरी भंगारातून मिळवून सरांनी माडीवर बसून माझ्या वाट्याचे सहा तास स्वतः काढले होते. मी ते माझ्या मशीनवर नेलं आणि चालू केलं. चार-पाच मिनिटं लागली. मग डॉक्टरांचा तो मेसेज लावला. "दीड गोळी," सर म्हणाले, स्वच्छ.

मी खतिजाआपांना फोन लावला. सांगितलं की दुरुस्ती सापडली, सरांनी दिवाळीतच करून ठेवली होती, उद्या कुणाला तरी घेऊन येते आणि तुमच्या मशीनला लावते.

"शिजायला लावशील?" त्यांनी विचारलं. "दिसभर मुका बसल मंग तो."

"नाही, तयार आहे. तुमच्या नावाची वेगळी करून ठेवलीय. पाच मिनिटांत होईल."

"माज्या नावाची?"

"सगळ्यांच्या नावाची आहे. एकोणीसच्या एकोणीस."

पलीकडे सुनेने भांडं ठेवल्याचा आवाज आला.

"दिवाळीतच तयार होता," त्या सावकाश म्हणाल्या. "मना गोल्या दिवाळीनंतर लागल्या. मंग दिला का नाय गो त्यांनी?"

त्यांच्या घरात बसून त्या माणसाला शिव्या घालताना मी जे एकदाही सांगितलं नव्हतं, ते आता सांगणं भाग होतं.

"आपा," मी म्हटलं, "मी नको म्हटलं होतं. तुमच्या वतीने."